असि, मसि आणि बेळगावचा रस्ता



आपल्या स्वाध्यायात नव्याने येऊ लागलेल्या एका सुनेने मागे मला विचारलं, "काकू, काका फौजेत होते म्हणे. जैन असून?" तिचा स्वर टोमण्याचा नव्हता, तिला खरंच कोडं पडलं होतं. माझ्या लग्नाच्या वेळी हाच प्रश्न माझ्या वडिलांना अर्ध्या समाजाने विचारला होता, आणि तो टोमणाच होता. बी.कॉम. झालेली मुलगी दुकानदाराच्या घरी द्यायची सोडून पलटणीतल्या माणसाला देतोय, असं म्हणत एक आत्याबाई लग्नाला आल्या नव्हत्या. त्या सुनेला मी तेव्हा थोडक्यात उत्तर दिलं. नीट उत्तर आज लिहिते आहे, कारण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गाडीने बेळगावला जाऊन आलो आणि या रस्त्यावर त्या प्रश्नाचा इतिहासच पसरलेला आहे.

निमित्त मेळाव्याचं. ह्यांच्याबरोबर भरती झालेले, बेळगावच्या सेंटरला एकत्र कवायत केलेले पंचवीस-तीस जण अजून आहेत. सगळे सत्तरीच्या आसपास. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी पुढाकार घेतं आणि एखादं मंगल कार्यालय ठरतं. तारीख शक्यतो ४ फेब्रुवारीच्या आगेमागे धरतात. मराठा लाइट इन्फंट्रीत हा दिवस 'मराठा दिन' म्हणून पाळतात, कारण १६७० साली याच दिवशी तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला. आम्ही कर्वेनगरवाले! हवा स्वच्छ असली की गच्चीतून तो गड दिसतो, कपडे वाळत घालताना रोज नजर जाते. आणि त्या गडाचा दिवस साजरा करायला साडेतीनशे किलोमीटर लांब जायचं, याचं मला नेहमी हसू येतं.

आमचा मुलगा गाडी चालवायला होता. मी दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याच्या वड्या आणि गाळून उकळलेलं पाणी घेतलं. वारज्याच्या पुलाखालून हमरस्त्याला लागलो, कात्रजचा बोगदा झाला, शिरवळला नीरा ओलांडली, खंबाटकीचा घाट चढलो. साताऱ्याला अजिंक्यतारा दिसला की मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. कुंभोजला दिगंबर जैन घरात १८८७ साली जन्मलेला हा माणूस. १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यालाच बहुजनांच्या मुलांसाठी आयुष्य घातलं. आपल्यातले पुष्कळ जण त्यांना जैन म्हणून ओळखतच नाहीत, ही आपलीच गंमत.

साताऱ्याच्या पुढे नागठाण्याजवळ आपशिंगे नावाचं गाव आहे. पाटीवर गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' असं लिहिलेलं असतं. हे म्हणाले, "इथे वळू या." पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान मेले. गावात त्यांचं स्मारक आहे. गाव आजही फौजेत मुलं पाठवतं, घरटी एकतरी. स्मारकापाशी उभी राहून मी हिशेब करत होते. कॉमर्सची सवय, दुसरं काय! शंभर वर्षांपूर्वीचं गाव म्हणजे असून असून किती घरं असतील? त्यात ४६. म्हणजे ज्या आळीत चूल पेटवायला घरात बाईच तेवढी उरली नसेल अशी आळी शोधून सापडली नसती.

ही माणसं गेली कुठे, हे आपल्याला शाळेत शिकवलं नाही. त्यातली पुष्कळ मराठा पलटणींतली आणि त्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढायला नेलेल्या. त्यांच्या सैन्याचं नावच 'पूना डिव्हिजन' होतं, सहावी डिव्हिजन. आपल्या पुण्याचं नाव घेऊन ही माणसं टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली. बगदाद हाताशी आलं असताना मागे हटावं लागलं आणि कूत नावाच्या गावात ती अडकली. तुर्की सैन्याने वेढा घातला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. जवळजवळ पाच महिने. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या.

मैत्रिणींनो, कूतची गोष्ट मुळात स्वयंपाकघराची गोष्ट आहे. धान्य संपत आलं तेव्हा इंग्रज सेनापती टाउनशेंडने घोडे मारून त्यांचं मांस रेशनमध्ये द्यायला सुरुवात केली. हिंदी शिपायांनी ते घेतलं नाही. त्यात शाकाहारी होतेच, पण घरी बोकड खाणाऱ्यांनाही घोडा चालेना, हिंदूंनाही आणि मुसलमानांनाही. घरी गेल्यावर गाव काय म्हणेल, पंक्तीला कोण बसवेल, ही भीती तुर्की तोफांपेक्षा मोठी होती. शेवटी हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून परवानगीचे निरोप बिनतारी यंत्रावरून मागवले. तरीही कित्येकांनी एप्रिल उजाडेपर्यंत मांसाला हात लावला नाही. मूठभर जवाच्या पिठावर राहिले. भाजीपाला नसल्याने हिरड्या सुजल्या, अंगाला फोड आले, पहाऱ्यावर उभे असताना कोसळले. शेवटी सुमारे १३ हजार माणसांनी शरणागती पत्करली आणि त्यातले हजारो पुढे कैदेत, वाळवंटातून चालवताना मेले.

आपण पर्युषणात दहा दिवस एकभुक्त राहतो आणि त्याचं कौतुक करून घेतो. कोणाचा उपवास मोठा, ही तुलना मला करायची नाही, पण अन्नाचा नियम माणूस कुठवर पाळू शकतो हे बघायचं तर आपल्या पुस्तकांबरोबर कूतही वाचायला हवं. ११७ व्या पलटणीला नंतर 'रॉयल' ही पदवी मिळाली. आपशिंग्यात मात्र स्मारकाचा दगड मिळाला.

गाडीत बसल्यावर हे बराच वेळ गप्प होते. उंब्रज गेलं. मुलाने तळबीडची पाटी दाखवली, सरनोबत हंबीरराव मोहित्यांचं गाव, म्हणजे महाराणी ताराबाईंचं माहेर. एरवी मी ताराबाईंवर अर्धा तास बोलले असते. पण मी नेमकं तेव्हाच ह्यांना विचारलं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, कधी विचारलं नव्हतं. हे शांतिसेनेबरोबर १९८७ मध्ये श्रीलंकेला गेले होते. तुम्हांला आठवत असेल, तीन वर्षांत आपले हजाराहून जास्त जवान तिथे गेले. ह्यांचं काम कारकुनाचं, पण रात्रीचा पहारा सगळ्यांनाच असतो. मी विचारलं, "तुमच्या हातून कोणी गेलं का हो?"

हे म्हणाले, "ठाऊक नाही. एका रात्री अंधारात आवाज आला तिकडे झाडली. सकाळी तिथे रक्त होतं, माणूस नव्हता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "प्रतिक्रमणात मी तो गेला असंच धरतो."

मुलगा काही बोलला नाही, त्याने फक्त गाडीचा वेग कमी केला.

आता त्या सुनेच्या प्रश्नाकडे येते. आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत हे आपण सगळ्या पाठ म्हणतो: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायचं ठरवून केलेली ती संकल्पी. चूल, झाडलोट, दळण-कांडण यात होते ती आरंभी. धंद्यात, शेतीत होते ती उद्योगी. स्वतःचं, आपल्यांचं, देशाचं रक्षण करताना होते ती विरोधी. मुनींना चारही सोडायच्या. श्रावकाला पहिली पूर्ण सोडायची, बाकीच्या तीन जमेल तितक्या कमी करायच्या. म्हणजे आपण सकाळी गॅस पेटवतो आणि शिपाई पहाऱ्यावर उभा राहतो, ते दोघं गृहस्थाच्या एकाच वहीत येतात. खातं वेगळं, वही एक. पण लक्षात घ्या, वहीत नोंद होतेच. विरोधी हिंसा श्रावकाला क्षम्य मानली आहे म्हणून तिचं पुण्य होत नाही, बंध होतोच. रणांगणावरच्या शौर्याच्या आरत्या म्हणणारे आणि फौजेचं नाव काढलं की नाक मुरडणारे, दोघेही निम्मीच वही वाचतात असं माझं मत आहे.

भगवान आदिनाथांनी लोकांना जगण्याची सहा कर्मं शिकवली: असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. असि म्हणजे तलवार, आणि ती यादीत पहिली आहे. आमच्या घरी वाणिज्य माझ्याकडे, आणि ह्यांच्याकडे असि व मसि दोन्ही, कारण फौजेतला कारकून म्हणजे एका खांद्याला रायफल आणि खिशाला पेन.

बरं, हे नुसतं शास्त्रातच आहे असंही नाही. श्रवणबेळगोळची ५७ फुटांची गोमटेश्वराची मूर्ती कोणी घडवली? चामुंडरायाने. तो गंग राजांचा सेनापती होता, लढाया जिंकल्याबद्दल त्याला कितीतरी बिरुदं होती. त्यानेच ९७८ साली कन्नडमध्ये तीर्थंकरांचं पुराण लिहिलं. मूर्ती साधारण ९८१ ची. तिच्या पायाशी मराठी भाषेतला शिलालेख आहे, अगदी जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते, आणि त्यात मूर्ती करवणारा म्हणून चामुंडरायाचं नाव आहे. शेजारीच दुसरं नाव गंगराजाचं, ज्याने भोवतीचा प्राकार बांधवला. हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. म्हणजे सगळं सोडून उभ्या राहिलेल्या बाहुबलींच्या चरणी दोन सेनापतींची नावं, दोघेही जैन, आणि तीही आपल्या मराठीत. त्या सुनेला मी एवढं एकच सांगितलं असतं तरी पुरे होतं.

कराड, पेठ नाका, किणीचा टोल. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे मागे कोल्हापूर आलं. टेंबलाईच्या टेकडीकडे बघून ह्यांनी हात जोडले. मराठा पलटणीच्या युद्धघोषात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पाठोपाठ याच टेमलाई मातेचा जयजयकार असतो. कागल, निपाणी, आणि मग तवंदीचा घाट. तिथे स्तवनिधीला नवखंड पार्श्वनाथांचं दर्शन घेतलं. संध्याकाळ व्हायच्या आत बेळगाव गाठायचं होतं, म्हणून फार थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यात गेलो. बेळगावच्या किल्ल्याला भोवती रुंद खंदक आहे, दाराशी गणपती आणि दुर्गेची ठाणी आहेत. बहमनींच्या महमूद गावानने तो १४७२-७३ च्या सुमारास घेतला, पुढे आदिलशाही आली, मराठे आले, १८१८ मध्ये इंग्रज. आत आजही लष्कराची वस्ती आहे. पण या सगळ्यांच्या आधीची गोष्ट कमलबस्तीची. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, वेळूचं गाव. इथे रट्ट घराण्याचं राज्य होतं आणि राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराजा याने १२०४ मध्ये ही बस्ती उभारली. त्या काळच्या लेखात तिला 'रट्ट जिनालय' म्हटलं आहे, शांतिनाथांचं. लेख शक ११२७ चे, कन्नड भाषेतले. बस्तीच्या खर्चासाठी दिलेल्या जमिनींची, उत्पन्नाची आणि ते ज्या शुभचंद्र भट्टारकांच्या हाती सोपवलं त्यांची नोंद त्यात आहे. म्हणजे ट्रस्टची घटनाच म्हणा ना! आणि हे दोन्ही शिलालेख आज कुठे आहेत? लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये. देऊळ बेळगावात आणि त्याचे कागद सातासमुद्रापार. देवळाच्या ट्रस्टचं काम केलेल्या कुठल्याही बाईला यावर काय वाटेल ते मी सांगायला नको.

आत शिरल्यावर मान वर करा. छतातून दगडी कमळ खाली उमललेलं आहे. त्याच्या ७२ पाकळ्या. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन चोविशींचे मिळून ७२ तीर्थंकर. मी दोनदा मोजायला घेतलं आणि दोन्ही वेळा मान दुखून मध्येच सोडलं. खांब असे गुळगुळीत घोटलेले की आपला चेहरा दिसावा. गाभाऱ्यात काळ्या पाषाणातले नेमिनाथ भगवान. आपल्या लग्नासाठी बांधून ठेवलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ज्यांनी रथ मागे फिरवला ते नेमिनाथ, आणि त्यांचं देऊळ किल्ल्याच्या तटाआत, चहूकडे लष्कर. शेजारी चिक्की बस्ती आहे, ती पडक्या अवस्थेत आहे.

बेळगावात आणखी एक जागा बघायची तर टिळकवाडीतली, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. आपल्या श्रीमद् राजचंद्रांना ते किती मानत हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी फिरून सैन्यभरतीसाठी माणसं मागितली होती, हे आपण सांगत नाही. लोकांनीही त्यांना तेव्हा विचारलं, तुम्ही अहिंसावादी ना? म्हणजे आमच्या आत्याबाई एकट्या नव्हत्या.

मेळावा दुपारी सुरू झाला. आधी सेंटरच्या आवारात जाऊन स्मारकाला फुलं वाहिली. १७६८ पासूनची पलटण आहे ही, 'जंगी पलटण' म्हणून पहिल्या बटालियनची ख्याती. 'लाइट इन्फंट्री' हे नाव कसं मिळालं ते ह्यांच्या एका मित्राने छान सांगितलं. १८४० साली बलुचिस्तानातल्या कहान नावाच्या किल्ल्यात मुंबई इलाख्याची पाचवी पलटण अशीच अडकली होती, पाच महिने. पण तिथला शेवट वेगळा झाला. मरी टोळीशी बोलणी झाली, किल्ला सोडून द्यायचा आणि त्यांनी वाट द्यायची असं ठरलं, आणि दोन्ही बाजूंनी शब्द पाळला. त्याबद्दल दुसऱ्या वर्षी मानाने ही पदवी दिली. ही पाचवी म्हणजेच पुढची 'काळी पाचवी'. वेढ्यात टिकून राहून, बोलणी करून, उरलेली माणसं जिवंत परत आणली म्हणून मान मिळाला, हे मला सगळ्यात आवडलं.

बडाखाना रात्री होता, पण पाच वाजताच एकाने हाक दिली, "वहिनी, बाबूजींचं अंथऊ तयार आहे!" कुणबी, मराठा, महाडिक, मोरे, सगळ्यांना हा आपल्या घरातला शब्द पाठ आहे. पलटणीच्या लंगरात सूर्यास्ताआधी ह्यांची पोळीभाजी बाजूला काढून ठेवायची पद्धत पन्नास वर्षांपूर्वी पडली ती अजून मोडलेली नाही. ज्यांनी आम्हांला नावं ठेवली त्यांच्या घरच्या लग्नात आज रात्री अकराला बुफे असतो. असो.

जेवताना माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. वीरपत्नी. त्यांचे यजमान श्रीलंकेत गेले, लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते. त्यांनी मला सांगितलं ते मी आजवर ह्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. जवान लग्न करून रजेवरून परतला की त्याच्या लग्नाची नोंद व्हावी लागते, वारस म्हणून बायकोचं नाव लागावं लागतं. पोरं कंटाळा करतात, उद्या करू म्हणतात. हे प्रत्येक नव्या नवरदेवाच्या मागे हात धुऊन लागायचे. कागद पुरा झाल्याशिवाय पुढची रजा नाही, अशी धमकी द्यायचे, जी द्यायचा ह्यांना काडीचा अधिकार नव्हता. त्या बाईंच्या यजमानांनी जाण्याआधी अकरा दिवस सही केली होती. "सासरच्यांनी मला घराबाहेर काढलं तेव्हा माझ्याकडे फक्त तो कागद होता," त्या म्हणाल्या. पेन्शनवर त्यांनी मुलगी वाढवली. ती मुलगी नर्स आहे, आईला घ्यायला आली होती, येता येता ह्यांच्या पाया पडली. ह्यांना तिचं नाव, तिच्या वडिलांचा नंबर, सगळं तोंडपाठ होतं.

रात्री खोलीवर मी विचारलं, हे कधी सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, "त्यात सांगायचं काय? कामच होतं."

परतताना वाठारच्या आधी हातकणंगल्याकडे वळून कुंभोजच्या बाहुबलीला गेलो. समंतभद्र महाराजांनी १९३४ मध्ये इथे ब्रह्मचर्याश्रम काढला आणि १९६३ मध्ये २८ फुटांची पांढरी संगमरवरी मूर्ती उभी राहिली. बाहुबलींची कथा तुम्हांला माहीत आहेच. भरत आणि बाहुबली समोरासमोर आले, दोन्हीकडे सैन्य उभं होतं. मंत्र्यांनी सुचवलं, भांडण तुमचं दोघांचं आहे, या माणसांनी का मरावं? मग दोघांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध केलं. तिन्हीत बाहुबली जिंकले आणि जिंकल्यावर राज्य सोडून निघून गेले. लहानपणापासून ऐकताना माझं लक्ष नेहमी बाहुबलींच्या त्यागाकडे असायचं. या वेळी मात्र मला त्या दोन सैन्यांतले शिपाई दिसत होते. संध्याकाळी शस्त्रं खाली ठेवून, जिवंत, आपापल्या घरी निघालेले. हे मूर्तीसमोर बराच वेळ उभे होते. मी पायऱ्यांवर बसून त्यांची वाट पाहिली.

कोणाला कमलबस्तीला जायचं असेल तर सकाळी लवकर जा, तेव्हा गाभाऱ्यात उजेड चांगला असतो, आणि सरकारी ओळखपत्र बरोबर ठेवा. वयस्कर कोणी बरोबर असेल तर बाहुबलीच्या पायऱ्या उन्हाआधी चढा. दशम्यांचं प्रमाण पुष्कळ जणींनी मागच्या लेखानंतर विचारलं होतं: एक वाटी गुळाला अडीच वाट्या कणीक, आणि पाण्याऐवजी दुधात भिजवायची. आमच्या परतीच्या दिवशीही मऊ होत्या.